एक तास काही खायचं नाही

सिल्वासा
६ ऑक्टोबर २०२४

चि. मृणाल,

अनेक आशीर्वाद. फोनवर दुसऱ्या वाक्याला आपलं भांडण होतं आणि तिसऱ्या वाक्याला मी फोन ठेवून देतो, असं तू गणपतीत बोर्डीला सगळ्यांसमोर म्हणालीस. म्हणून हे पत्र. पत्र अर्ध्यात तोडता येत नाही, तेव्हा आता दोघांनाही शेवटपर्यंत ऐकून घ्यावं लागेल.

काम आहे. तू नाशिकला एवढ्या मोठ्या इस्पितळात आहारतज्ज्ञ म्हणून बसतेस, तर एका प्रश्नाचं सरळ उत्तर दे. सरळ म्हणजे 'दादा, आधी मला हे सांग' असं सुरू न होणारं.

आमच्या शाळेत अकरावीला गुड्डी नावाची मुलगी आहे. घर सुरंगीला. थोडी शेती, वडील जंगलखात्याच्या कामावर जातात. ती इथे मुलींच्या होस्टेलवर राहते आणि पंधराशे मीटर पळते. एकोणीस वर्षं मी या गावात पीटी शिकवतोय. मुलं शिट्टी ऐकून पळतात, ही मुलगी शिट्टीच्या आधी पळते आणि मला परत बोलवावं लागतं. ऑगस्टमध्ये तिने पाच मिनिटं चौदा सेकंदांची वेळ दिली. मी घड्याळ दोनदा पाहिलं.

चौदा डिसेंबरला दमणला निवासी अकादमीची निवड चाचणी आहे. पंधराशेला दोनच मुली घेणार. जानेवारीत हिला अठरा पूर्ण होतात, म्हणजे वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची संधी. निवड झाली तर राहणं, खाणं, बूट, कॉलेज, सगळं त्यांच्याकडे. नाही झाली तर बारावीनंतर धाग्याच्या एखाद्या कारखान्यात पॅकिंगला उभी राहील, आणि मी रस्त्यात भेटलो की 'नमस्ते सर' म्हणेल. मला ते 'नमस्ते सर' नकोय.

आता प्रश्न. ऑगस्टअखेर तिचे पाय जरा दुखायला लागले. म्हणून मी नाक्यावरच्या जिमवाल्याला विचारून अमिनो ॲसिडची पावडर आणली. व्यायामानंतर स्नायू लवकर भरून निघतात म्हणे. एक सप्टेंबरपासून रोज सकाळ-संध्याकाळ देतोय. संत्र्याच्या चवीची आहे, बाटलीत मी स्वतः हलवून देतो. नियम कडक आहेत. सराव संपल्या संपल्या रिकाम्या पोटी घ्यायची आणि त्यानंतर एक तास काही खायचं नाही, नाहीतर असर जातो. मुलगी शहाणी, एक दिवस चुकली नाही.

आणि एवढं करून पाय आणखी बिघडलेत! सकाळी पळाली की संध्याकाळी पाय लाकडाचे. जिना कठड्याला धरून उतरते. वेळ पाच बावीसवर गेली. पावडर देऊनसुद्धा! डब्यावरचा कागद पाण्यात भिजवून काढलाय आणि मागच्या पानावर चिकटवलाय. वाच आणि सांग, मात्रा दुप्पट करू की दुसरी कंपनी बघू?

तुझा,
भास्करदादा

*

नाशिक
१३ ऑक्टोबर २०२४

प्रिय दादा,

सा. न. काल दसरा होता आणि तुझा फोन आला नाही. म्हणजे पत्राचा नियम तू सणालाही लावलास.

कागद वाचला. तीनच नावं आहेत, ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन. बाकी रंग, वास आणि गोडी. आता ऐक, आणि ठेवून देऊ नकोस.

माणसाला जी नऊ अमिनो ॲसिडं अन्नातूनच घ्यावी लागतात, त्यातली ही तीन. पळून झालं की स्नायूंची डागडुजी सुरू होते. ल्युसिन हा त्या कामावरचा मुकादम समज. 'चला, लागा कामाला' असं तो ओरडतो. ओरडतो हे खरं आहे, जिमवाला अगदीच खोटं बोलला नाही. दुखणं थोडं कमी झाल्याचंही काही अभ्यासांत दिसलंय. पण भिंत बांधायला विटा लागतात, आणि विटा म्हणजे नऊच्या नऊ. त्या डाळीत, दुधात, अंड्यात, मासळीत असतात. शिवाय भाकरी-भात हवा, कारण कामगारांनाही जेवायला लागतं. विटाच आल्या नाहीत आणि मुकादम नुसता ओरडत राहिला, तर शरीर काय करतं माहितीय? आपलीच दुसरी भिंत पाडून विटा आणतं. तेव्हा मात्रा दुप्पट केलीस तर फक्त आरडाओरडा दुप्पट होईल.

पोटभर चांगलं जेवणाऱ्या मुलीला या पावडरीने वेगळं काही मिळत नाही. न जेवणाऱ्या मुलीला तर नाहीच. एक तास काही न खाण्याचा नियम कुठल्या पुस्तकातला ते तो जिमवालाच जाणे. तासाभराने फारसं बिघडत नाही, पण फायदाही काही नाही.

म्हणून, दादा, आधी मला हे सांग. (म्हणालेच शेवटी.) ती खाते काय? तीन दिवसांचं लिहून पाठव, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, प्रत्येक घास.

आणि एक विचारू? ही पावडर तू तिच्यासाठी आणलीस की पंच्याण्णव सालच्या स्वतःसाठी? ठाण्याला जिल्ह्याच्या चाचणीत तू हरलास आणि 'शहरातल्या पोरांकडे पावडरीचे डबे होते, माझ्याकडे काय होतं' हे आम्ही दहा वर्षं ऐकलं. तुझ्याकडे आईचा डबा होता. ती एसटी स्टँडपर्यंत घेऊन आली होती. हलक्या पोटी वेगात पळता येतं असं तुला कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून तू तो परत पाठवलास. मी तिच्यासोबत होते. परत येताना तिने तो मला खायला लावला.

तुझी,
मृणाल

*

सिल्वासा
१९ नोव्हेंबर २०२४

चि. मृणाल,

तुझं पत्र महिनाभर टेबलाच्या खणात पडून होतं. रागावलो होतो. आईचा डबा मध्ये आणायचं काही कारण नव्हतं. मी औषधाचं विचारलं, तू माझी कुंडली काढलीस.

आणि 'खाते काय' म्हणजे काय? सरकारी होस्टेल आहे, धर्मशाळा नव्हे. मेसच्या भिंतीवर फळा आहे, त्यावरून जसंच्या तसं उतरवून देतोय. सोमवारी सकाळी पोहे व दूध, दुपारी डाळ-भात, शाक, रोटली, संध्याकाळी खिचडी-कढी. मंगळवारी उपमा, मग चण्याची उसळ, मग डाळ-ढोकळी. बुधवारी व शुक्रवारी संध्याकाळी अंडं. रविवारी शिरा. झालं समाधान? तुझ्या नऊच्या नऊ विटा त्यात आहेत की नाहीत ते मोजत बस.

आता खरी गोष्ट ऐक. दिवाळीत ती बारा दिवस सुरंगीला गेली होती. पावडरीचा डबा माझ्याच कपाटात राहिला, त्याची मला सारखी चुटपुट लागलेली. परत आली आणि दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं अकरा सेकंद! मी मैदानात एकटाच टाळ्या वाजवत होतो. दोन महिन्यांची पावडर अंगात मुरली आणि मग असर दिसला, असं जिमवाला म्हणाला. मलाही पटलं. लगेच पुन्हा सुरू केली.

आणि आता बघ, बारा दिवसांत पुन्हा पाच एकोणीस. पुन्हा तेच लाकडी पाय. काल तिसऱ्या फेरीला ती थांबली, गुडघ्यावर हात ठेवून उभी. माझा तोल गेला. सगळ्या मुलींसमोर म्हणालो, "नाटकं बंद कर. तुझ्यासाठी मी जीव काढतोय आणि तुला पाय उचलता येत नाहीत?" तिने गुडघ्यावरचे हात काढले. उरलेली फेरी पळाली, वर दोन जास्त पळाली, मग बाटली घेऊन गेली.

मला माहितीय तू काय म्हणशील. पण चाचणीला पंचवीस दिवस राहिलेत आणि कुठे चुकतंय तेच कळत नाही. वेळेवर उठतो, वेळेवर मैदानात जातो, सगळं नेमाने करतो. तरी हातातून जातंय. वैताग आलाय अगदी.

भास्करदादा

*

नाशिक
२३ नोव्हेंबर २०२४

प्रिय दादा,

मी ताट मागितलं होतं, तू फळा पाठवलास.

फळ्यावरचं जेवण कुणी जेवत नाही. आमच्या इस्पितळातही सुंदर फळा आहे. सरकारी नोकरीत राहून राहून तुला लिहिलेलं खरं वाटायला लागलंय.

आणि दिवाळीचं तू लिहिलंस ते स्वतः वाचलंस का? बारा दिवस पावडर नाही, मुलगी अकरा सेकंदांनी सुधारली. बारा दिवस पावडर दिली, मुलगी आठ सेकंदांनी मागे गेली. जी गोष्ट बंद केल्यावर माणूस बरा होतो, तिला आमच्याकडे औषध म्हणत नाहीत. पण त्या पावडरीत विष नाही, मी कागद पुन्हा वाचला. म्हणजे पावडरीसोबत आणखी काहीतरी बदलतंय. सुरंगीला तिला काहीतरी मिळतं, जे सिल्वाशाला मिळत नाही.

तिला विचारू नकोस. तू रागावलेला असतोस, ती 'हो सर' म्हणेल. मेसमध्ये जाऊन उभा राहा. सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा. फळ्याकडे पाठ करून.

पत्र पोचलं की त्याच दिवशी जा.

मृणाल

*

सिल्वासा
२८ नोव्हेंबर २०२४

मृणाल,

तुझं पत्र परवा आलं. काल सकाळी गेलो. कसं लिहू कळत नाही, जसं झालं तसं लिहितो.

आमचा सराव सव्वासातला सुटतो. नेहमीप्रमाणे गुड्डीला बाटली दिली, मैदानाचं साहित्य कुलपात ठेवलं आणि पावणेआठला मेसमध्ये जाऊन उभा राहिलो. मुली पोहे खात होत्या. फळ्यावर लिहिलेलेच पोहे, दूधही होतं. फळा खरा होता, मृणाल. गुड्डी नव्हती.

मालतीबेन तिथल्या रेक्टर आहेत. त्यांना विचारलं. त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं काही मीच गंमत करतोय. म्हणाल्या, "गुड्डी तो आवती ज नथी, सर. तमे ज ना पाडेली ने?"

ती येतच नाही. मीच नाही म्हटलं होतं.

मेस आठला बंद होते. सव्वासातला पावडर, त्यावर एक तास म्हणजे सव्वाआठ. संध्याकाळचा सराव साडेसहाला सुटतो, जेवण सातला, साडेसातला भांडी उचलतात. पुन्हा तोच एक तास. माझ्या नियमाने त्या मुलीचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण, दोन्ही नेमके बाहेर पडले. एक सप्टेंबरपासून दुपारच्या एका ताटावर ती रोज आठ-दहा किलोमीटर पळतेय. खोलीतली मुलगी कधी दोन रोटल्या रुमालात लपवून आणायची, तेवढंच. मालतीबेनना वाटलं, सरांचा काही खास डाएट चालू आहे. त्यांनी मुलीला एकदा बोलावलंही होतं, तर ती म्हणाली, "सरांनी सांगितलंय."

बाहेर आलो तर ती होस्टेलच्या पायरीवर बसलेली. शेजारी रिकामी बाटली. आतून पोह्यांचा वास येत होता. मी म्हणालो, "गुड्डी, आत चल, खा." तिने वर भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, अजून पंचवीस मिनिटं आहेत."

मी तिला हाताला धरून आत नेलं. तिने तीन वेळा पोहे घेतले. मी फळ्याकडे बघत राहिलो.

एकोणीस वर्षं या होस्टेलच्या मुलींना मी मैदानावर पळवतोय आणि मेस किती वाजता बंद होते हे मला माहीत नव्हतं. माझं जेवण घरी, तुझी उषावहिनी मी गेल्यावर वाढते. मला वाटायचं जेवण असं असतं, तुम्ही गेलात की मिळतं. आणि वर त्याच मुलीला मी सगळ्यांसमोर नाटकी म्हणालो. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

सोळा दिवस आहेत. काय करू ते लगेच लिही.

भास्कर

*

नाशिक
२ डिसेंबर २०२४

प्रिय दादा,

आधी माझं ऐक. एक तासाचा तो नियम तू पहिल्याच पत्रात लिहिला होतास. 'तासाभराने फारसं बिघडत नाही' हे माझंच वाक्य. मी कागदावरची रसायनं वाचली आणि मुलगी होस्टेलवर राहते, तिथे जेवणाला घंटा असते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. वीस वर्षं हेच काम करतेय मी. तेव्हा सगळी चीड एकट्याने घेऊ नकोस, माझा वाटा ठेव.

आता काय करायचं ते. पावडर बंद. सराव सुटताच तिथेच मैदानावर दोन केळी, मूठभर शेंगदाणे आणि गूळ. मग सरळ मेस, दोन्ही वेळा, पोटभर. अंड्याच्या दिवशी दोन अंडी मिळतील का ते मालतीबेनना विचार, आर्जवाने विचार. सराव निम्म्यावर आण. संध्याकाळचा तर पहिला आठवडा पूर्ण बंद. मला दिसतंय, तू इथे कपाळाला हात लावला असशील. पण डागडुजी पळताना होत नाही, जेवल्यावर आणि झोपल्यावर होते.

उरलेल्या बारा दिवसांत तीन महिने भरून निघतील असं मी सांगणार नाही. बरंच निघेल. सगळं नाही.

आणि तिला सांग. चूक तुझी होती हे तुझ्या तोंडून. दुसरं म्हणजे, तिला मला पत्र लिहायला सांग. तिच्या पायांबद्दल तू आणि मी दोन महिने टपालाने भांडतोय आणि पाय जिचे आहेत तिला कुणी एक शब्द विचारला नाही.

मृणाल

*

सिल्वासा
१६ डिसेंबर २०२४

चि. मृणाल,

तिसरी आली.

पाच मिनिटं बारा सेकंद. दुसरीची पाच दहा. दोघी घेतल्या. यादी तिथेच भिंतीवर लावली, वाचायला वेळ लागला नाही.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. मालतीबेननी रोज दोन अंडी दिली, स्वतःच्या घरचं तूपही आणलं. मुलीच्या चेहऱ्यावर तेज आलं, जिना धडाधड उतरायला लागली. सुरुवात तर अशी केली की दमणचे दोन प्रशिक्षक उठून उभे राहिले. शेवटच्या तीनशे मीटरपर्यंत ती दुसरी होती. मग मागची मुलगी आली आणि निघून गेली.

परत येताना बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. रडली नाही. वापीच्या अलीकडे म्हणाली, "सर, शेवटी मी पायांना म्हटलं चला. ते आलेच नाहीत." मी म्हणालो, "होतं असं." होतं असं! एवढंच सुचलं मला, बघ.

ते दोन सेकंद माझे आहेत. मी अजून तिला सांगितलेलं नाही. चाचणीआधी सांगितलं तर तिचं मन विचलित होईल, असं स्वतःला समजावलं. आता चाचणी झाली, आता काय समजावू? रोज ठरवतो आणि रोज शिट्टी वाजवून घरी येतो. उषा म्हणते, तोंड दिलंय ते फक्त मुलींवर ओरडायला का?

उद्या सांगतो. तुझी सगळी पत्रंही तिच्या हातात देतो. माझ्या तोंडून अर्धवट निघालं तर उरलेलं ती वाचेल.

भास्करदादा

*

मुलींचे वसतिगृह, सिल्वासा
२९ डिसेंबर २०२४

आदरणीय मृणालताई यांना,

गुड्डीचा नमस्कार. सर म्हणाले तुम्ही मला पत्र लिहायला सांगितलं होतं. मी आधी कुणाला पत्र लिहिलं नाही. चुकलं तर समजून घ्या.

सरांनी मला सांगितलं. सकाळी मेसमध्येच सांगितलं, सगळ्या मुली बसल्या होत्या. ज्या मुलींसमोर ओरडलो त्यांच्यासमोरच सांगतो, म्हणाले. मग माफी मागितली. मला कसंतरी झालं. आमच्याकडे मोठं माणूस असं करत नाही. मी ताट तसंच धरून उभी राहिले आणि दूध थंड झालं.

ताई, सरांना वाटतं मला काही कळत नव्हतं. भूक लागते हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सुरंगीला घरी आई नागलीची भाकर आणि उडदाची डाळ देते. ती खाल्ली की पाय हलके होतात हे पण मला कळत होतं. पण सरांनी माझ्यासाठी तो डबा आणला होता. माझ्यासाठी असं कुणी काही आणलं नव्हतं. मला वाटलं, भूक लागली असं म्हटलं तर सर म्हणतील हिला पळायचं नाही, हिला खायचंच आहे. मग सर बाटली दुसऱ्या मुलीला देतील. म्हणून मी घड्याळ बघत बसायची.

हे मी सरांना सांगितलं. मी म्हटलं, सर, तुम्ही एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मग सर बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मला राग आला होता ताई, खरं सांगते. अजून थोडा आहे. यादीत माझं नाव नव्हतं ते मला झोपेत दिसतं. पण सरांचा चेहरा बघितला की राग कुठे ठेवायचा ते कळत नाही.

आता सर रोज सकाळी मेसच्या दारात उभे राहून माझं ताट बघतात. सगळ्या मुली हसतात. तुम्ही त्यांना सांगा की तसं करू नका. मी जेवते.

अकादमी तर गेली. पण फेब्रुवारीत इथे खुल्या गटाच्या शर्यती आहेत, तिथे वयाची अट नाही. मी नाव दिलंय. सरांना विचारून नाही दिलं, आधी दिलं आणि मग सांगितलं.

तुमची पत्रं मी दोनदा वाचली. तुम्ही लिहिलंय, विटा मिळाल्या नाहीत की शरीर आपलीच दुसरी भिंत पाडतं. मला एवढंच विचारायचं आहे. तीन महिन्यांत माझी किती पाडली गेली? आणि ती परत सगळी बांधता येते का, की थोडी तशीच राहते?

सर तुम्हाला हे विचारायला घाबरतात, म्हणून मी विचारते. खरं असेल ते लिहा. आणि उत्तर सरांच्या घरी पाठवू नका, वरच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाठवा. त्यांच्याकडे गेलं तर ते आधी वाचतील आणि मला अर्धंच सांगतील. पाय माझे आहेत.

आपली,
गुड्डी